छाट काढणारा हात कोणाचा? विडी, टॉवेल आणि सोलापूरची मजुरी

तुमचा प्रश्न असा आहे: आई पंचवीसहून जास्त वर्षं घरी विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहेत. दोघांनाही 'असंघटित कामगार' म्हणतात. जागतिकीकरणाने देशातली गरिबी घटली असं वाचनात येतं, मग घरात दोन कमावते असूनही महिनाअखेरीला किराणा उधारीवर का? आणि आईला कायद्याने मालक आहे, की ती स्वतःचा धंदा करते?

शेवटचं आधी घेऊ. आईला मालक आहे. ब्रांचवर, म्हणजे पान-तंबाखू देऊन विड्या जमा करून घेणाऱ्या केंद्रावर बसलेला कंत्राटदार हा मधला माणूस. मालक तो, ज्याचं लेबल विड्यांच्या कट्ट्यावर (जुडीवर) चिकटतं. यावर आता वाद उरलेला नाही. तो ज्या पुराव्यावर मिटला तो पुरावा आई रोज ब्रांचवर बघते. त्याचं नाव छाट.

कारखान्याकडून पान, तंबाखू आणि सूत मिळतं. पान रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं. सकाळी पत्र्याचा फर्मा धरून कात्रीने एका मापाचे तुकडे कापायचे. मग मांडीवर सूप घेऊन चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं आणि खाली सुताचे वेढे द्यायचे. पंचवीस विड्यांचा कट्टा, असे चाळीस कट्टे म्हणजे हजार. हजाराला ब्रँडप्रमाणे साधारण पाव किलोच्या आतबाहेर तंबाखू आणि अर्धा ते पाऊण किलो पान लागतं. माल ब्रांचवर नेला की तिथला माणूस कट्टा बोटांत फिरवतो. ही सैल, ही आखूड, हिचं पान फाटकं, असं म्हणत काही विड्या बाजूला टाकतो. ती छाट. तिची मजुरी मिळत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी विड्याही परत मिळत नाहीत.

मालकवर्गाचं जुनं म्हणणं असं होतं की ही बाई आमच्या छताखाली बसत नाही, कधी उठते-कधी वळते ते आम्ही बघत नाही, घरातलं कोणीही तिला मदत करतं, मग ती आमची नोकर कशी? या घरबसल्या पद्धतीला आपल्याकडे 'घरखाता' म्हणतात. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरखात्यालाही कामगाराच्या व्याख्येत घेतलं. त्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयात १९७४ मध्ये मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या खटल्यात फेटाळलं गेलं. प्रॉव्हिडंट फंडाचा प्रश्न पुढे १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्सच्या निकालाने सुटला. त्यातला युक्तिवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे: माल नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे, कामावरचं नियंत्रण त्याचंच आहे. देखरेख करायला शेजारी उभं राहावं लागत नाही, छाट काढली की देखरेख झाली. ज्या छाटीने मजुरी कापली जाते, तीच आईला कामगार ठरवते.

म्हणून कोणी 'आम्ही पान-तंबाखू विकतो, बाया विड्या करून आम्हाला विकतात' असं कागद रंगवून दाखवू लागलं, की एवढंच विचारायचं: हा माल ती दुसऱ्याला विकू शकते का? भाव ती ठरवते का? पान तिला दुसरीकडून आणता येतं का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर ती खरेदी-विक्री नाही, मजुरी आहे.

आता 'असंघटित' या शब्दाकडे. हा शब्द सोलापुरात फसवतो. इथे विडी कामगारांच्या संघटना पिढ्यानपिढ्या आहेत, मोर्चे निघतात, संप होतात. संघटना असूनही कामगार असंघटित, हा विनोद फक्त सरकारी मराठीत होतो. नेमका शब्द 'अनौपचारिक रोजगार'. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या केनियावरच्या अहवालाने 'अनौपचारिक क्षेत्र' ही कल्पना रूढ केली, तेव्हा नजर धंद्यावर होती: छोटा, नोंद नसलेला, फूटपाथवरचा. २००३ च्या व्याख्येने नजर धंद्यावरून नोकरीवर नेली. कारखाना कितीही मोठा आणि नोंदलेला असो, तिथल्या कामाला कायद्याने किंवा प्रत्यक्षात कामगार कायद्याचं, सामाजिक सुरक्षेचं संरक्षण नसेल तर तो रोजगार अनौपचारिक. त्यातला 'प्रत्यक्षात' हा शब्द सोलापूरसाठीच घातल्यासारखा वाटतो. आईकडे विडी कारखान्याचं कार्ड आहे, पीएफ नंबर आहे, म्हणजे कागदावर ती औपचारिक. पण महिन्याला वीस हजार विड्या वळून दहा हजारांचीच नोंद होत असेल, तर अर्धी आई कायद्यात आहे आणि अर्धी बाहेर. भारतात अर्जुन सेनगुप्ता आयोगाने २००४-०५ च्या आकड्यांवरून काढलेलं प्रमाण ९२ टक्के होतं, ते याच दोन्ही प्रकारचे कामगार मिळून: नोंद नसलेल्या धंद्यातले, आणि नोंदलेल्या धंद्यात नोंद नसलेले.

गरिबीचा हिशेब दरात शोधला तर सापडत नाही. तो कागदावर मांडून बघा. हिशेबापुरती हजारी (हजार विड्यांची मजुरी) २०० रुपये धरू (खरा दर कार्डावर किंवा ब्रांचच्या फलकावर असतो, तो घाला). पान कमी मिळालं किंवा भोकाचं निघालं म्हणून बाजारातून २० रुपयांचं पान आणलं, वर ३ रुपये सूत-किरकोळ. उरले १७७. छाट शेकडा पाच धरली तर हजार पदरात पडायला हजार पन्नास वळाव्या लागतात. वेळ धरा: कापणीला अडीच-तीन तास, वळणीला सात-आठ, कट्टे बांधून ब्रांचवर जाणं, रांग, परत येणं दीड तास. एकूण बारा तास. १७७ भागिले १२, म्हणजे तासाला पावणेपंधरा रुपये. त्यात लेकीने शाळेतून येऊन पानं कापली असतील तर तिचे तास यात धरलेलेच नाहीत. पीएफची कपात वेगळी आहे, ती तोट्यात मोजू नका, ती बचत आहे.

पुढची पायरी बहुतेक लोक विसरतात: दर गुणिले दिवस. महिन्यात २६ दिवस पान मिळालं तर ४,६०२ रुपये. १६ दिवस मिळालं तर २,८३२. हजारीचा दर एका पैशानेही कमी झालेला नाही, किमान वेतनाचा भंगही कागदावर दिसत नाही, आणि घरातले पावणेदोन हजार गेले. विडीच्या धंद्यावर दाब आला की तो याच वाटेने उतरतो. २०१७ मध्ये विडीवर २८ टक्के आणि तेंदूपानावर १८ टक्के जीएसटी आला. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्ररूप इशारा आला, तोही २००४ मध्ये भारताने मान्य केलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराशी जोडलेला. तंबाखू कमी झाली पाहिजे यात दुमत नको, विड्या वळणाऱ्या बायांच्या छातीलाच ते आधी कळतं. पण त्याच कराराच्या सतराव्या कलमात तंबाखू कामगारांना पर्यायी उपजीविका उभी करण्याचं म्हटलं आहे. इशारा पाकिटावर आला, पर्याय सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे या कामगारांच्या वस्तीतल्या गल्ल्यांत आला नाही. मागणी घटली की ब्रांच दर कमी करत नाही, दिवस कमी करते.

आता वडिलांचा माग. सोलापूरची जुनी मिल १८७७ ची, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. त्या गिरण्यांत बदली कामगाराचे हाल होते हे खरं, पण कायम माणसाला आठ तासांची पाळी, पीएफ, ग्रॅच्युइटी होती. सरकारने एकीकडे गिरण्यांच्या विणकाम खात्याच्या वाढीवर बंधनं ठेवली, दुसरीकडे यंत्रमागाला करात सवलती दिल्या. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने दोघांना एकाच रांगेत उभं केलं. १९९१ च्या उदारीकरणाआधीच विणकाम गिरणीतून यंत्रमागाच्या शेडमध्ये सरकत होतं, हे विसरून सगळं खापर जागतिकीकरणावर फोडणं बरोबर नाही. जागतिकीकरणाने झालं ते असं: शेडमध्ये आलेल्या त्या कामाला परतीचा रस्ता राहिला नाही. कापड तेच, माग तेच, नोकरी बदलली.

टॉवेलची साखळी लांब आहे. परदेशी दुकानदार, त्याचा खरेदी एजंट, सोलापुरातला निर्यातदार, त्याच्याकडून सूत घेऊन जॉबवर्कवर विणून देणारा मागवाला, मग विणकर, कांड्या भरणारी कांडीवाली, ताण्याचे धागे ओवणारा वहीफणीवाला, मागांची दुरुस्ती-देखरेख करणारा जॉबर, आणि टॉवेलच्या कडा शिवून धागे कापणारी घरातली बाई. वर हललेली प्रत्येक गोष्ट खाली येते. खाली येईपर्यंत तिचं नाव मात्र बदलतं.

१ जानेवारी २००५ ला कापडाच्या जागतिक व्यापारातला कोटा संपला. ऑर्डरी वाढल्या, आणि भावाची स्पर्धाही वाढली. १ जानेवारी २०१४ पासून पाकिस्तानला युरोपीय महासंघाची जीएसपी-प्लस सवलत मिळाली. तिथला टॉवेल शुल्क न भरता उतरू लागला, आपल्यावर शुल्क राहिलं. तो फरक युरोपातला ग्राहक भरत नाही, इथल्या कोणाच्या तरी पदरातून जातो. मे २०२२ मध्ये कापसाची खंडी एक लाखाच्या वर गेली. आधीच्या भावाने घेतलेल्या ऑर्डरी महागड्या सुतात विणणं म्हणजे घरचं घालून धंदा, म्हणून माग थांबले. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेत भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर गेलं आणि ऑर्डरी अडकल्या. या चार घटनांची चार वेगवेगळी कारणं आहेत, पण विणकराला प्रत्येक वेळी एकच वाक्य ऐकू येतं: 'आज भीम नाही.'

भीम म्हणजे मागावर चढवायचा ताण्याच्या सुताचा रूळ. भीम नाही म्हणजे पगार नाही. टॉवेलच्या मागाला दोन भीम लागतात, एक पायाचा आणि एक लूपचा. दोन्ही वेगवेगळ्या वेळी संपतात. नवा भीम चढवून सांधणी होईपर्यंत तो माग उभा. मजुरी नगावर किंवा डझनावर असल्यामुळे त्या तासांचा पैसा कोणी देत नाही. सूत कच्चं असलं की तुटतं, वीज जाते, जकार्डचा दोर निसटतो. यातलं काहीच विणकराच्या हातात नाही, आणि तरी प्रत्येकाचा दंड त्यालाच. नगावर मजुरी देण्याचा खरा अर्थ हा आहे. काम मोजायची ती सोय म्हणून सांगितली जाते, पण तिच्यामुळे काम नसल्याची किंमत आपोआप कामगाराच्या नावावर पडते.

नगाची मजुरी आणखी एक गोष्ट झाकते, ती म्हणजे तास. बारा तासांची पाळी, आठवड्याला सहा पाळ्या, ७२ तास. कायद्याचा आठवडा ४८ तासांचा, वरचे २४ तास जादा कामाचे, त्यांना दुप्पट दर, म्हणजे ४८ तासांचा पगार. एकूण ९६ तासांची मजुरी मिळायला हवी तिथे ७२ ची मिळते. रुपयातले चार आणे गेले, आणि ते कुठे बुडाले हे कोणत्याच चिठ्ठीवर दिसत नाही. नगावर काम करणाऱ्यालाही जादा तासांचा दुप्पट दर लागू होतो. त्यासाठी आधी त्याच्या सरासरी कमाईवरून तासाचा दर काढायचा असतो.

इथे मागवाल्याची बाजूही सांगायला हवी. आठ-बारा मागांचा मालक हा बऱ्याचदा काल-परवापर्यंत स्वतः विणकर होता. निर्यातदार त्याला साठ-नव्वद दिवसांनी पैसे देतो, वीजबिल मात्र तारखेला भरावं लागतं. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याने ४५ दिवसांत पैसे द्यायची मर्यादा घातली आहे, आणि अलीकडे आयकराच्या नियमानेही मुदतीबाहेर थकवलेली रक्कम खर्चात धरू दिली जात नाही. पण पुढच्या ऑर्डरीच्या भीतीने तो तक्रार करत नाही. विणकर त्याच्याविरुद्ध ज्या कारणाने गप्प राहतो, त्याच कारणाने. त्याची कोंडी खरी आहे, तरी बारा तासांच्या पाळीला ती माफी नाही.

परदेशी ग्राहकाची तपासणी येते ना, असं विचारलं जातं. येते, निर्यातदाराच्या शिलाई-पॅकिंगच्या हॉलपर्यंत. तिथे आग विझवायचे सिलिंडर, पंखे, हजेरीपट सगळं असतं. जॉबवर्कच्या शेडचं नाव खरेदीच्या कागदात नसतं, त्यामुळे तिथे कोणी पोचत नाही. टॉवेलच्या लेबलवरचं ओको-टेक्स स्टँडर्ड १०० सारखं प्रमाणपत्र कापडात घातक रसायन नाही एवढं सांगतं, विणणाऱ्याला किती मिळाले ते त्याला विचारायचंच नसतं. तसंच सोलापुरी चादरीच्या भौगोलिक मानांकनाचं. नाव वाचतं, मजुरी वाचतेच असं नाही.

मग गरिबी घटली हे खोटं का? नाही. २०११-१२ च्या तेंडुलकर पद्धतीप्रमाणे शहरी दारिद्र्यरेषा माणशी महिना १,००० रुपये होती, म्हणजे पाच जणांच्या घराला ५,०००. त्या मापाने देशात २१.९ टक्के लोक गरीब होते, आणि २००४-०५ पेक्षा हे प्रमाण बरंच खाली आलं होतं. दोन कमावते असलेलं सोलापुरातलं घर चालत्या महिन्यात त्या रेषेच्या वर असतं. पण रेषा ही सरासरीची गोष्ट आहे आणि घर आठवड्याच्या पगारावर चालतं. दोन आठवडे भीम नाही, त्याच महिन्यात पान सोळाच दिवस, आणि एक आजारपण, एवढ्यावर ते घर रेषेखाली येतं. मग उचल, मग बचतगटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज, आणि ते फेडण्यासाठी मिळेल त्या दराने काम. उचल घेतलेला विणकर कारखाना बदलू शकत नाही, म्हणून त्याचा दर वाढत नाही. महिनाअखेरीच्या उधारीचं उत्तर इथे आहे. तुमच्या घरात कमाई कमी आहे हे खरं, पण ती अनिश्चित आहे हे जास्त महाग पडतं.

घराचंही तेच. घरखात्यात कारखान्याची जागा, दिवा, पाणी, पान साठवायचा कोपरा, सगळं कामगाराच्या खर्चाने. दहा बाय दहाच्या खोलीत तंबाखूची धूळ लहान मुलांच्या नाकातही जाते. म्हणूनच सोलापुरात घरकुलाची मागणी ही मजुरीचीच मागणी होती. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत दहा हजार घरांची, त्यानंतर रे नगरची तीस हजारांची योजना, त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला दिली गेली. कामगारांच्या चळवळीने मिळवलेली एवढी घरं देशात क्वचित सापडतील. मात्र शहराबाहेर राहायला गेलं की ब्रांच किती लांब आणि रिक्षाचं भाडं किती, हे मजुरीच्या हिशेबात धरावं लागतं.

आता करायचं काय. सगळ्यात मोठा घोटाळा पगारात नसतो, कार्डात असतो. पुष्कळ घरांत एका कार्डावर तिघी वळतात: सासू, सून, लेक. आज पान मिळतं म्हणून चालून जातं. पण सासूचं वय झालं की पेन्शन तिला एकटीला, आणि सुनेची पंधरा वर्षं हवेत. उलट एकीच्या विड्या दोन कार्डांवर वाटून दाखवल्या जातात, म्हणजे दोघींचा पगार अर्धा दिसतो.

त्याचा परिणाम आकड्यांत बघा. विडी उद्योगाला पीएफचा दर १० टक्के आहे. महिना ५,००० मजुरी असेल तर बाईचे ५०० कापले जातात आणि मालकाचे ५०० येतात. मालकाच्या पाचशेतले साधारण ४१७ पेन्शन फंडात आणि ८३ तिच्या खात्यात. पेन्शनचं सूत्र: शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी मजुरी गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. अठरा वर्षं सेवा असेल तर ५,००० वर १,२८५ रुपये. नोंद अर्धी, म्हणजे २,५०० असेल तर ६४२, आणि किमान पेन्शनच्या नियमामुळे ते १,००० होतात. हा किमान आकडा २०१४ पासून हललेला नाही. पेन्शनसाठी किमान दहा वर्षं सेवा लागते आणि वय ५८. मध्येच पैसे काढताना फॉर्म १०-सी वर 'रक्कम परत' ऐवजी 'स्कीम सर्टिफिकेट' मागितलं तर जुनी वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातात. हे सांगणारं ब्रांचवर सहसा कोणी नसतं, आणि बाया पंधरा-वीस हजार घेऊन आयुष्यभराची पेन्शन सोडून देतात.

ग्रॅच्युइटीत फरक आणखी ठळक दिसतो. नगावर काम करणाऱ्यांसाठी शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी धरतात. महिन्याची मजुरी भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. ५,००० वर अठरा वर्षांचे ५१,९२३ रुपये, २,५०० वर २५,९६१. म्हणजे शेवटच्या तीन महिन्यांत पान मुद्दाम कमी देऊन सरासरी पाडता येते, त्यावर डोळा ठेवा. पाच वर्षं सलग सेवा लागते, आणि ती तोडायची नेहमीची युक्ती म्हणजे 'ब्रांच बदलली, नवं कार्ड घ्या'. नवं कार्ड घ्या, पण जुनं परत देऊ नका. द्यावंच लागलं तर आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि नव्या कार्डावर मूळ रुजू तारीख लिहून मागा.

छाटीसाठी एक वही पुरे. तारीख, मिळालेलं पान वजनात, तंबाखू, दिलेल्या विड्या, काढलेली छाट, मिळालेले पैसे, आणि ज्या दिवशी 'पान नाही' सांगितलं त्या दिवशी तसंच लिहायचं. साधारणपणे पाच टक्क्यांपेक्षा जास्त छाट काढू नये अशी मर्यादा राज्याच्या नियमांत घातलेली आहे. एकीची वही पुरावा म्हणून कच्ची पडते, पण एकाच ब्रांचच्या दहा बायांच्या तीन महिन्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या की छाट मालाप्रमाणे निघते की ठरवून, ते दिसतं.

वडिलांसाठी पुरावा वेगळा. मागाच्या कारखान्यात पीएफ टाळायचा ठरलेला मार्ग म्हणजे चोवीस मागांचे चार भाग: एक बायकोच्या नावावर, एक भावाच्या, एक मुलाच्या. प्रत्येकात वीसपेक्षा कमी कामगार, म्हणून पीएफ नाही. दहापेक्षा कमी दाखवले की ईएसआयही (कामगारांचा आरोग्य विमा) नाही. पण मीटर चार असले तरी जॉबर एक, मुनीम एक, सुताची गाडी एक, पगाराचा दिवस एक असेल, तर कायदा ते एकच आस्थापन धरू शकतो. हे चार मुद्दे, सोबत आठवड्याच्या चिठ्ठ्या, खात्यात आलेले पैसे, मोबाईलवरचे 'उद्या दिवसपाळी' असे मेसेज एवढं जमवून पीएफ कार्यालयाकडे लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. ईएसआयसाठी पगाराची मर्यादा महिना २१,००० आहे, कामगाराची वर्गणी पाऊण टक्का आणि मालकाची सव्वातीन टक्के. बारा तास आवाजात आणि कापसाच्या धुळीत राहणाऱ्या माणसाला पीएफपेक्षा आधी हे कार्ड हवं.

वडिलांची पीएफ-ईएसआयमध्ये नोंद नसेल तर ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी करून ठेवा. वय १६ ते ५९, आयकर भरणारे नकोत. ई-श्रम केलं की पीएफ मागता येत नाही, ही अफवा आहे. उलट बाजूने, आई पीएफची सभासद असेल तर ई-श्रम तिच्यासाठी नाही. तिचं विडी कामगार ओळखपत्र वेगळं, त्यावर मुलांना शिष्यवृत्ती मिळते, पहिलीला वर्षाला १,००० पासून इंजिनिअरिंग-मेडिकलला २५,००० पर्यंत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा, आणि तो बहुतेक वेळा बँक खातं आधारशी जोडलेलं नसल्यामुळे अडकतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. १९६६ चा विडी कायदा, ग्रॅच्युइटी, किमान वेतन हे सगळं त्यांत गेलं. सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. किमान वेतनापेक्षा कमी मिळालं तर दावा आधी सहा महिन्यांत करावा लागे, आता मुदत तीन वर्षं आहे. अर्जात जुन्या कलमाचा आकडा टाकून वकिलाला वाद घालायला जागा देऊ नका. काय कमी मिळालं, कोणत्या तारखांना, किती, हे लिहा.

तक्रार एकटीने करू नका. कार्ड कोणी रद्द करत नाही, फक्त पान खराब येऊ लागतं किंवा छाट वाढते, आणि ते सिद्ध करणं अवघड. आधी वह्या, मग दहा-पंधरा जणींच्या सह्या, मग संघटनेमार्फत कामगार कार्यालयात अर्ज, हा क्रम उलटा झाला की काम बसतं.

आणि नाव आत्ताच तपासा. पूर्व भागात आडनाव आधी, वडिलांचं नाव नंतर, तेलुगू नावाचं मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग दर कागदावर वेगळं, लग्नाआधीच्या नावाने काढलेलं कार्ड, अंदाजे टाकलेली जन्मतारीख. आधार आणि पीएफ यांत एका अक्षराचा फरक असला तरी पेन्शनचा अर्ज परत येतो. १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला, आधारने पडताळलेला यूएएन (पीएफ सभासदाचा कायमचा क्रमांक) असेल तर बरीचशी दुरुस्ती ऑनलाइन होते. त्याआधीच्या नंबरांना काही बाबतींत मालकाची मंजुरी लागते, आणि आईचा नंबर बहुधा आधीचाच असणार. कारखाना चालू आहे तोवर ती मंजुरी दोन फेऱ्यांत मिळते. तो बंद पडला की ब्रांचचं शटर, कंत्राटदाराचा बंद फोन आणि पीएफ कार्यालयाची रांग यांत वर्ष निघून जातं.